इण आणि पाभत : लघुकर्जाच्या प्रश्नाकडे पाहण्याची बौद्ध दृष्टी

भगवान बुद्धांचा धम्म हा केवळ गृहत्याग केलेल्या भिक्खूंसाठी सांगितलेला विरक्तीचा मार्ग असून गृहस्थाच्या अर्थव्यवहाराशी त्याचा काही संबंध नाही, असा समज आजही सुशिक्षितांत आढळतो. पालि तिपिटकाचे काळजीपूर्वक वाचन केले असता हा समज टिकत नाही. शेती, व्यापार, भांडवल, कर्ज, व्याज आणि बचत यांविषयी सुत्तपिटकात व विनयपिटकात विपुल सामग्री आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी ‘इण’ म्हणजे ऋण आणि ‘पाभत’ म्हणजे व्यवसायाचे भांडवल या दोन संकल्पनांचा परामर्श घ्यावयाचा आहे. त्यांच्या प्रकाशात, विकसनशील देशांतील गरीब उद्योजकांना लहान लहान कर्जे देण्याची जी चळवळ गेल्या अर्धशतकात उभी राहिली, तिचेही परीक्षण करावयाचे आहे.

हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. आपल्या वस्त्यांतील कितीतरी भगिनी बचत गटाच्या सभासद आहेत; कितीतरी घरांत मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता हा महिन्याच्या किराण्याइतकाच नित्याचा झाला आहे. दुसऱ्या बाजूने, सुस्थितीत आलेल्या उपासकाला दूरदेशीच्या एखाद्या विणकर स्त्रीला घरबसल्या कर्ज देण्याची सोय आज उपलब्ध आहे. अशा वेळी हे कर्ज देणे म्हणजे दान, व्यापार की सावकारी, आणि ते घेणे म्हणजे मुक्ती की नवे बंधन, याचा विचार धम्माच्या अंगाने होणे अगत्याचे आहे.

ऋणाची सहा दुःखे

अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात ‘इणसुत्त’ नावाचे एक सुत्त आहे. कामभोगी गृहस्थाला जगात कोणकोणती दुःखे भोगावी लागतात याची एक साखळीच भगवंतांनी त्यात मांडली आहे. पहिले दुःख ‘दालिद्दिय’, म्हणजे दारिद्र्य. दरिद्री मनुष्य कर्ज काढतो, ते ‘इणादान’ हे दुसरे दुःख. कर्जावर व्याज चढते, ती ‘वड्ढि’. व्याज वेळेवर दिले नाही की धनको तगादा लावतो, ती ‘चोदना’. तरीही दिले नाही की तो ऋणकोच्या पाठीस लागतो, ती ‘अनुचरिया’. आणि अखेरीस त्याला बांधून नेतात, ते ‘बन्धन’.

या सुत्ताचा मूळ हेतू आध्यात्मिक आहे. ज्याच्या ठायी श्रद्धा, हिरी (लज्जा), ओत्तप्प (पापभीरुता), वीर्य आणि प्रज्ञा नाही तो आर्यविनयात दरिद्री होय आणि त्याचे दुराचरण हेच त्याचे ऋण होय, असे पुढे प्रतिपादन केले आहे. परंतु श्रोत्यांना पूर्णपणे परिचित असलेलीच गोष्ट उपमेसाठी वापरली जाते. तेव्हा ऋणाची ही सहा पायऱ्यांची घसरण त्या काळच्या समाजात सर्वांच्या डोळ्यांसमोरची होती, हे उघड आहे. यातील ‘वड्ढि’ हा शब्द आपल्या खेड्यांत ‘वाढीदिढी’च्या रूपाने अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होता. पावसाळ्यात एक मण धान्य घ्यावे आणि सुगीला दीड मण परत करावे, हा व्यवहार आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या साखळीची साक्ष अन्यत्रही मिळते. संयुत्तनिकायाच्या ब्राह्मणसंयुत्तात पहाटेच दाराशी येऊन पैशासाठी ओरडणाऱ्या धनकोंचा उल्लेख आहे. विनयपिटकाच्या महावग्गात ऋणी मनुष्याला प्रव्रज्या देण्यास मनाई केली असून, उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला तो ऋणमुक्त आहे काय हे स्पष्टपणे विचारले जाते. सर्वांत हृदयद्रावक साक्ष थेरीगाथेतील इसिदासी थेरीची आहे. पूर्वजन्मांचे कथन करताना ती सांगते की, एका जन्मी ती धनकोंनी गांजलेल्या दरिद्री गाडीवानाच्या घरी जन्मली आणि साचत गेलेल्या व्याजापोटी एका सार्थवाहाने त्या आक्रोश करणाऱ्या मुलीला घरातून ओढून नेले. ऋणाचे ‘बन्धन’ बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्याला येते, हे या गाथांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे.

व्याजातील वर्णभेद

ब्राह्मणी धर्मशास्त्राने याच प्रश्नाची कोणती व्यवस्था लावली, हे पाहिल्याशिवाय बौद्ध दृष्टीचे वेगळेपण ध्यानात येत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दर वर्णानुसार ठरविला आहे. ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच घ्यावे, असा तो नियम आहे. ज्याच्याजवळ सर्वांत कमी त्याने सर्वांत अधिक द्यावयाचे. त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की, समान किंवा हीन जातीच्या ऋणकोने अंगमेहनत करून कर्ज फेडावे. उच्च जातीच्या ऋणकोने मात्र सवडीने हळूहळू फेडावे. वेठबिगारीला शास्त्राचा आधार मिळाला तो असा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले त्यात अस्पृश्यतेच्या जोडीला हे अर्थशास्त्रही होते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ साली वेठबिगार पद्धतीच्या उच्चाटनाचा कायदा झाला, तेव्हा ही व्यवस्था कायद्याने संपुष्टात आली.

इणसुत्तात वर्णाचा मागमूसही नाही. तेथे ऋणको हा केवळ दरिद्री मनुष्य आहे आणि कारणपरंपरेचा आरंभ त्याच्या जातीपासून किंवा पूर्वकर्मापासून न होता त्याच्या दारिद्र्यापासून होतो.

सर्वच ऋण त्याज्य आहे काय?

वरील विवेचनावरून बुद्धांनी ऋणाचा सरसकट निषेध केला असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार अंगुत्तरनिकायात सांगितले आहेत (शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार), त्यांत कर्ज देण्याच्या व्यवसायाचा समावेश नाही. दीघनिकायाच्या सामञ्ञफलसुत्तात तर पाच नीवरणांतून सुटलेल्या साधकाच्या आनंदाला पहिली उपमा दिली आहे ती कर्ज काढून व्यवसाय करणाऱ्या मनुष्याची. त्याचा व्यवसाय यशस्वी होतो, तो जुने कर्ज फेडतो आणि बायकोच्या पोषणासाठी त्याच्याजवळ शिल्लक उरते. त्याला जो आनंद होतो तो येथे अभिप्रेत आहे. अनाथपिण्डिकाला उपदेश करताना गृहस्थाच्या चार सुखांत ‘आनण्यसुख’, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, स्वतंत्रपणे गणले आहे.

या दृष्टीने अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील ‘पापणिकसुत्त’ विशेष महत्त्वाचे आहे. ‘पापणिक’ म्हणजे दुकानदार. तीन गुणांनी युक्त असलेला दुकानदार अल्पावधीत संपन्न होतो, असे तेथे म्हटले आहे. तो ‘चक्खुमा’ असतो, म्हणजे माल कितीला घेतला, कितीला विकला आणि त्यात किती सुटले हे त्याला दिसते. तो ‘विधुर’ असतो. या शब्दाचा मराठीतील अर्थ येथे सर्वस्वी सोडून द्यावा. पालित त्याचा अर्थ खरेदी-विक्रीत कुशल असा आहे. आणि तो ‘निस्सयसम्पन्न’ असतो, म्हणजे त्याला आश्रय असतो. त्याची कुवत ओळखणारे धनवंत गृहपती स्वतःहून त्याला भांडवल देतात, त्यातून बायकामुलांचे पोषण करावयास सांगतात आणि ‘कालेन कालं’, म्हणजे वेळोवेळी, परतफेड करावयास सांगतात. लहान उद्योजकाला विश्वासावर दिलेल्या कर्जाचे याहून स्पष्ट चित्र प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

जोब्रा गावचा प्रयोग

आधुनिक काळात ‘निस्सया’ची ही कल्पना बांगलादेशात नव्याने पुढे आली. १९७४ च्या भीषण दुष्काळानंतर चितगाव विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस शेजारच्या जोब्रा या गावात जाऊ लागले. तेथे बांबूची तिवई विणणाऱ्या एका स्त्रीला बांबूसाठी लागणारे पाच टाका व्यापाऱ्याकडून घ्यावे लागत आणि तयार माल त्याच व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावाने विकावा लागे. दिवसाकाठी तिच्या हाती पन्नास पैसे उरत. १९७६ साली गावातील अशा लोकांची यादी केली असता ४२ जणांची एकूण गरज ८५६ टाका, म्हणजे २७ डॉलरांहून कमी निघाली. ती रक्कम युनूस यांनी स्वतःच्या खिशातून दिली. पुढे जनता बँकेकडून कर्ज मिळविताना ते स्वतः जामीन राहिले आणि १९८३ साली ग्रामीण बँक स्वतंत्र बँक म्हणून स्थापन झाली. २००६ चे नोबेल शांतता पारितोषिक युनूस आणि ही बँक यांना विभागून देण्यात आले.

या बँकेची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. तारणाऐवजी पाच जणांचा गट असे. आधी दोघांना कर्ज मिळे. त्यांनी नियमित परतफेड केली की इतरांची पाळी येई. दर आठवड्याला केंद्रावर सर्वांसमक्ष हप्ता भरावयाचा आणि वर्षभरात कर्ज फेडावयाचे. व्याज उरलेल्या मुद्दलावर शेकडा वीस होते. कर्जदारांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आपल्याकडे याच धारणेने १९७४ साली अहमदाबादेत ‘सेवा’ बँक उभी राहिली आणि १९७५ साली मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांसाठी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

२००५ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे ‘किवा’ ही संस्था निघाली आणि या चळवळीला वैयक्तिक रूप आले. युगांडातील काही लहान उद्योजकांपासून सुरुवात करून तिने कोणाही व्यक्तीला २५ डॉलरांपासून कर्ज देण्याची सोय केली. कर्ज देणाऱ्याला मुद्दल परत मिळते, व्याज मिळत नाही. मात्र येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पैसा स्थानिक संस्थेमार्फत पोहोचतो आणि ती संस्था आपला खर्च भागविण्यासाठी ऋणकोकडून बहुधा व्याज घेते. शिवाय, छायाचित्र पाहून आपण ज्या व्यक्तीची निवड करतो तिला पुष्कळदा स्थानिक संस्थेने कर्ज आधीच दिलेले असते, ही गोष्ट २००९ साली उघडकीस आली. आपला पैसा वस्तुतः त्या संस्थेच्या भांडवलात भर घालतो. याचा अर्थ हे कार्य निरर्थक आहे असा नव्हे. परंतु आपण कोणाला आणि कोणत्या अटींवर देतो हे पाहणे हे देणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

व्याजाविषयीही येथेच खुलासा करणे योग्य होईल. उदाहरणादाखल, १०,००० रुपये कर्ज शेकडा १२ या सरळ दराने घेतले आणि २२४ रुपयांच्या ५० साप्ताहिक हप्त्यांत फेडले, तर एकूण ११,२०० रुपये भरावे लागतात. ऐकावयास हा दर सौम्य वाटतो. परंतु दर आठवड्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण १०,००० वर आकारलेले असते. म्हणून वास्तविक वार्षिक दर २३ ते २४ टक्के पडतो. लहान रकमा घरोघर जाऊन गोळा करण्याचा खर्च मोठा असतो हे खरे; पण ‘वड्ढि’ किती हे ऋणकोला कळलेच पाहिजे. ‘चक्खुमा’ होण्याचा आरंभ येथूनच होतो.

चोदना आणि अनुचरिया

लघुकर्जात नफा आहे हे दिसल्यावर या क्षेत्रात मोठे भांडवल उतरले. आंध्र प्रदेशात एकाच घराला तीन-तीन, चार-चार संस्था कर्जे देऊ लागल्या. एकीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज काढले जाऊ लागले. २०१० साली वसुलीच्या तगाद्याशी जोडल्या गेलेल्या आत्महत्यांच्या वार्ता येऊ लागल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून वसुलीवर निर्बंध घातले. ज्या गटाने परस्परांना आधार द्यावयाचा, तोच गट थकबाकीदार स्त्रीच्या दारात बसू लागला होता. इणसुत्तातील चौथी आणि पाचवी पायरी ती हीच. धनकोचे काम शेजारणींकडून करवून घेतले गेले, एवढाच फरक.

त्यानंतर मालेगाम समितीचा २०११ चा अहवाल आला आणि रिझर्व्ह बँकेने नियम केले. २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज होय. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नयेत. वसुलीसाठी धमकी, शिवीगाळ किंवा छळ करण्यास मनाई आहे. व्याजदराची पूर्वीची मर्यादा मात्र या निर्देशांनी काढून टाकली. अवाजवी व्याज घेऊ नये आणि सर्व आकारणी कर्जदाराला लेखी कळवावी, एवढेच बंधन राहिले. हे नियम आपल्या वस्तीतील प्रत्येक भगिनीला माहीत असावयास हवेत.

अनुभवाचा कौल

लघुकर्जाने दारिद्र्य हटते काय, या प्रश्नाचा शोध अर्थशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. हैदराबादेतील १०४ वस्त्यांपैकी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडलेल्या ५२ वस्त्यांत आधी कर्जाची सोय करून अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तसेच बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील अभ्यासांत निष्कर्ष साधारण सारखाच निघाला. काहींच्या व्यवसायात गुंतवणूक वाढली, टिकाऊ वस्तूंची खरेदी सुकर झाली. परंतु कुटुंबाच्या एकूण स्थितीत आमूलाग्र बदल झाला नाही. हैदराबादेत ज्यांचा व्यवसाय आधीपासून होता त्यांना लाभ अधिक झाला.

पापणिकसुत्त ध्यानात असलेल्या वाचकाला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. तेथे गुण तीन आहेत आणि आश्रय हा तिसरा आहे. कर्ज देणारी संस्था केवळ तिसरा पुरविते. पहिले दोन नसतील तर भांडवल हप्त्यांतच विरून जाते. ‘कालेन कालं’ या शब्दांचेही मर्म येथे उमगते. कोलकात्यातील एका प्रयोगात पहिल्या हप्त्यापूर्वी दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांची सवड दिली असता स्त्रियांनी व्यवसायात अधिक पैसा घातला आणि कालांतराने त्यांचा नफाही वाढला. मात्र थकबाकीही वाढली. परतफेडीची गती व्यवसायाच्या गतीशी जुळावी लागते आणि ती सवड देण्याची जोखीम धनकोने पत्करावी लागते.

पाभत

मग ज्याच्याजवळ कौशल्यही नाही आणि आधारही नाही, त्याचे काय? याचे उत्तर दीघनिकायाच्या कूटदन्तसुत्तात आहे. महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या वाढल्या असता पुरोहित त्याला सांगतो की, वध आणि बंधन यांनी हा उपद्रव शमणार नाही. शेती व पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणे आणि अन्न द्यावे, व्यापार करू इच्छिणाऱ्यांना ‘पाभत’ द्यावे आणि राजसेवकांना भत्ता व वेतन द्यावे. हे पाभत कर्ज होते काय? बुद्धघोषांनी आपल्या अट्ठकथेत याचा अर्थ निःसंदिग्धपणे दिला आहे. साक्षीदार न ठेवता, कागदावर न लिहिता, मुद्दल परत न घेण्याच्या बोलीने दिलेले व्यापाराचे भांडवल म्हणजे पाभत. याच शब्दाच्या पुष्ट्यर्थ ते चुल्लसेट्ठि जातकातील गाथेचा आधार घेतात. मेलेल्या उंदरापासून सुरुवात करून संपन्न झालेल्या तरुणाची ती कथा सर्वपरिचित आहे. तो उंदीरही त्याला कोणी व्याजाने दिलेला नव्हता.

अलीकडचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने २००२ पासून अतिदरिद्री कुटुंबांना कर्जाऐवजी गाय, शेळ्या किंवा तत्सम उत्पादक साधन, काही काळ निर्वाहाचा आधार आणि प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. भारतासह सहा देशांत केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मदतीचा लाभ ती थांबल्यानंतरही वर्षभर टिकलेला आढळला. दरिद्री मनुष्याला आधी पाभत मिळावे, आणि व्यवसाय उभा राहिल्यावर त्याच्या वाढीसाठी सौम्य अटींवर कर्ज मिळावे, हा क्रम त्यावरून सिद्ध होतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात हाच मुद्दा वेगळ्या संदर्भात मांडला होता. जमिनीचा तुकडा लहान आहे म्हणून शेती तोट्याची होते असे नसून, त्या तुकड्याच्या मानाने भांडवल आणि साधने अपुरी आहेत म्हणून ती तोट्याची होते. आणि शेतीवरील अतिरिक्त श्रमाला सामावून घेण्यासाठी औद्योगिकीकरण हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लहान कर्जे वाटून हा व्यापक प्रश्न सुटणारा नाही. शासनाने शिक्षण, जमीन, उद्योग आणि रोजगार यांबाबतची आपली जबाबदारी लघुकर्जाच्या नावाखाली टाळू नये, ही मागणी आपण सोडता कामा नये.

उपासकाचे कर्तव्य

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. कर्ज घेताना ते व्यवसायासाठी आहे की लग्नसमारंभासाठी, हे आधी तपासावे. सिगालोवादसुत्तात मिळकतीचे दोन भाग व्यवसायात घालावयास आणि एक भाग आपत्तीसाठी राखावयास सांगितले आहे, ते याच हेतूने. वास्तविक व्याजदर विचारून घ्यावा आणि एका कर्जाच्या हप्त्यासाठी दुसरे कर्ज काढू नये. गटातील एखादी भगिनी आजारपणामुळे थकली तर गटाने कल्याणमित्राच्या भूमिकेतून तिच्या पाठीशी उभे राहावे. तिची भांडी उचलून नेण्यात सहभागी होऊ नये. आणि ज्यांच्याजवळ देण्यासारखे आहे त्यांनी, दूरदेशी असो वा शेजारच्या वस्तीत असो, देण्यापूर्वी त्या व्यक्तीची गरज पाभताची आहे की कर्जाची, याचा विचार करावा. कर्ज द्यावयाचे असेल तर मध्यस्थ संस्था ऋणकोकडून किती व्याज घेते आणि वसुली कशी करते, याची चौकशी करावी. पाभत द्यावयाचे असेल तर बुद्धघोषांनी सांगितल्याप्रमाणे साक्षीदार आणि कागद बाजूला ठेवावा. आपल्या विहारांतून उपासक-उपासिकांना हिशेब, भाव आणि बाजार यांचे शिक्षण देणारे वर्ग नियमित चालले, तर पापणिकसुत्तातील पहिले दोन गुण अंगी बाणण्यास मोठे साहाय्य होईल.